सापळ्यात दोन महिने एक-दोन पतंग, मग एकदम चाळीस: शेंदरी बोंडअळी वाढते तरी कशी?

पाते_फूल_बोंड (सेलू, जि. परभणी)

शेतीशाळेत कपाशीवरच्या शेंदरी बोंडअळीचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात, आणि "जीवनक्रम ३०-३५ दिवसांचा" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. कीड ओळखावी कशी हे इथं विचारत नाही. तिच्या वाढीचा हिशेब कुणी फोडून सांगेल का?

ऑगस्ट-सप्टेंबरात कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या) रात्रीला एक-दोन पतंग येतात, हिरवी बोंडं फोडली तर आत काही नसतं. दिवाळीच्या पुढं-मागं सापळा भरतो आणि बोंडं सडायलीत म्हणून ओरड सुरू होते. अळी बाहेरून उडून येते, की आधीपासूनच असते? दुसरं, फवारणीनं ८० टक्के मेली म्हणतात, तरी महिन्याच्या आत पुन्हा तेवढीच कशी? तिसरं, बीटीवर (अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या कपाशीवर) ती आता मरत नाही. लोक म्हणतात बियाण्यात दम राहिला नाही. बियाणं बिघडलं, की अळीच बदलली?

आकड्यात सांगितलं तर फळ्यावर मांडता येईल.

---

काळी_भुई

दादा, पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गुणाकारात आहे. फळ्यावर असं मांडा.

मादी साधारण १५० अंडी घालते असं धरू (१०० ते २०० च्या पुढंही जातात). पतंगात निम्म्या माद्या, म्हणजे दर पतंगामागं ७५ अंडी. त्यातली १० टक्केच शेवटी पतंग होतात असं धरा, बाकीची पावसात, मित्रकीटकांच्या तोंडी, किंवा पात्या-फुलांबरोबर गळून संपतात. म्हणजे एका पतंगाचे पुढच्या पिढीत ७.५ पतंग. हा आकडा हिशेबापुरता आहे, शेतागणिक बदलतो. चाल मात्र हीच राहते: आताची संख्या गुणिले ७.५, दर महिन्याला.

ऑगस्टच्या मध्यात, जूनच्या कपाशीला पाते (फुलाच्या कळ्या) लागलेले असताना, एकरात १० पतंग आहेत असं समजा.

सप्टेंबर मध्य: ७५
ऑक्टोबर मध्य: ५६२
नोव्हेंबर मध्य: ४,२१९
डिसेंबर मध्य: ३१,६४०
जानेवारी मध्य: २,३७,०००

आता बोंडं मोजा. चार बाय दीड फुटावर लागवड असेल तर एकरी ७,२६० झाडं. झाडाला ३० बोंडं धरली तर २ लाख १८ हजार बोंडं. एका बोंडात एक अळी या हिशेबानं नोव्हेंबरच्या मध्यात २ टक्के बोंडं किडलेली, डिसेंबरच्या मध्यात साडेचौदा टक्के, आणि जानेवारीत बोंडांपेक्षा अळ्याच जास्त. अळी कुठून उडून आलेली नाही. चारही महिने ती एकाच चालीनं वाढायलीय, आपल्याला शेवटच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसतात.

दिसत का नाही, त्याचाही हिशेब आहे. आपण २० बोंडं फोडतो. २ टक्के किडलेली असतील तर वीसच्या वीस निरोगी निघण्याची शक्यता ०.९८ चा विसावा घात, म्हणजे ६७ टक्के. तीनदा पाहिलं तर दोनदा काहीच सापडणार नाही. तेच साडेचौदा टक्क्यांवर फक्त ४ टक्के. महिनाभरापूर्वी "काही नव्हतं" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा नमुना लहान असतो.

आता सुरुवात १० ऐवजी ७५ नं झाली तर बघा. बांधावर पऱ्हाटीचे (वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्यांचे) ढीग पडलेत, शेजारी मे महिन्यातली ठिबकवरची कपाशी आहे, अशा ठिकाणी हे सहज होतं. अख्खा तक्ता एक महिना अलीकडं सरकतो. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यातच साडेचौदा टक्के. तुमची दिवाळीनंतरची ओरड इथून येते.

फवारणीचंही याच तराजूत मोजा. ८० टक्के मेली म्हणजे संख्या पाचव्या हिश्श्यावर आली. पिढी वाढते साडेसात पटीनं. पाच पट घट भरून निघायला पिढीचा ०.८ भाग लागतो, महिन्याची पिढी धरली तर २४ दिवस. ५० टक्के मारणारी फवारणी १० दिवसांची सुटका देते, ९५ टक्के मारणारी ४५ दिवसांची. आणि एक अख्खी पिढी कापली तर साडेसात पट कमी, फवारणीचा रुपया न घालता. बोंडअळीत किती टक्के मेली यापेक्षा हंगामात किती पिढ्या होऊ दिल्या हे आधी विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

---

ल्यूर_२१_दिवस

वरचा हिशेब फळ्यासाठी झकास आहे, पण ७.५ हा आकडा डोक्यात धरून कुणी शेतात जाऊ नये. तो हंगामभर एकच राहत नाही.

सुरुवातीला तो खूपच खाली असतो, कधी एकाच्याही खाली. जून-जुलैत जमिनीतल्या आणि पऱ्हाटीतल्या कोषातून पतंग निघतात, तेव्हा शेतात पातेच नसेल तर मादीची अंडी वाया जातात. पतंग जगतो आठवडा-दोन आठवडे. पेरणीला ४०-४५ दिवस झाल्याशिवाय पाते येत नाही. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा म्हणतात तेव्हा ते नुसतं उगवणीसाठी नसतं, पहिल्या पतंगांना उपाशी ठेवण्यासाठीही असतं. शिवारात एकानं जरी मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावली, तरी सगळ्या गावाच्या पतंगांना पाहुणचार मिळतो.

ऑक्टोबरात हिरवी बोंडं भरपूर असतात, तिथं वाढ जोरात होते. पुढं बोंडं फुटत गेली की खायला जागा कमी होते, एकाच बोंडात दोन-तीन अळ्या दिसतात आणि गुणाकार मंदावतो. पुस्तकातला इंग्रजी 'एस'सारखा वक्र तो हाच. फरक एवढाच की पुस्तकात वरची मर्यादा स्थिर असते, कपाशीत ती महिन्यागणिक वाढते आणि नंतर कोसळते. डिसेंबरात पाणी आणि युरिया देऊन फरदड घेतली (तेच पीक उपटायच्या ऐवजी पुढं चालवलं) की आपणच ती मर्यादा पुन्हा वर उचलतो. थंडीत पिढी लांबते, पण थांबत नाही.

आता सापळ्याबद्दल. त्यात फक्त नर येतात. एकरी दोन सापळे टेहळणीला पुरतात, नर पकडून संख्या कमी करायची असेल तर आठ-दहा लावावे लागतात. सापळा पिकाच्या शेंड्याच्या वर साधारण फूटभर हवा. पीक वाढतं आणि सापळा मागच्याच खुंटीवर राहतो, ही नेहमीची चूक. ल्यूर (सापळ्यातलं वासाचं आमिष) तीन आठवड्यांनी बदला. जुनी ल्यूर असेल तर पकड कमी येते, आणि माणूस समजतो कीड घटली. अजून एक गोम: शेतात माद्या फार झाल्या की नराला खऱ्या मादीचा वास चहूकडून येतो, सापळा त्या गर्दीत हरतो. तेव्हा हंगामाच्या शेवटी सापळा जे दाखवतो ते कमीच असतं. रात्रीला आठ पतंग सलग तीन दिवस ही पातळी म्हणूनच लवकरच्या काळात कामाची. ऑक्टोबरनंतर बोंडंच फोडा.

फोडायची कोणती, तर १५-२० दिवसांची हिरवी, बोटानं दाबली तर किंचित दबणारी. एकरात फिरून २०, एका कोपऱ्यातली नकोत. वरून छिद्र शोधत बसू नका, अळी आत शिरल्यावर ते बुजतं. बोंडाच्या पाकळीच्या (सालीच्या) आतल्या बाजूला बारीक गाठ किंवा नागमोडी रेघ दिसते का बघा. वीसपैकी दोन बोंडांत जिवंत अळी म्हणजे १० टक्के, आर्थिक नुकसानीची पातळी. फुलांवरही तेच, दहा टक्के डोमकळ्या (आत अळी असल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं). डोमकळी दिसली की तोडून शेतात टाकू नये, पिशवीत भरून नष्ट करावी. ती पहिली पिढी आहे, वरच्या तक्त्यातली स्वस्तातली पायरी.

---

जनुक_आणि_जोंधळा

तिसरा प्रश्न माझ्याकडं. बियाणं बिघडलं की अळी बदलली? अळी बदलली. पण एकेक अळी बदलली नाही, हे आधी स्पष्ट करा. कुठल्याही अळीनं बीटी खाऊन "सवय" करून घेतलेली नाही. ज्यांच्यात प्रतिकाराचं जनुक आधीपासून होतं त्या उरल्या, बाकीच्या मेल्या, आणि उरलेल्यांची पिल्लं शेतात भरली. लोकसंख्येचं वाण बदललं म्हणा.

आपल्याकडं एका जनुकाची बीटी कपाशी २००२ ला आली, दोन जनुकांची २००६ ला. पहिल्या जनुकाला दाद न देणारी शेंदरी बोंडअळी गुजरातेत सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या जनुकाचंही तेच झालं, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंडअळीनं कपाशीचं काय नुकसान केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हे इतक्या लवकर का झालं, ते आकड्यात बघा. समजा शंभर जनुकप्रतींत एक प्रतिकारक आहे. प्रत्येक अळीत दोन प्रती, एक आईची, एक बापाची. दोन्ही प्रतिकारक असलेली अळी दहा हजारांत एक, आणि ती बीटीवर जगते. एक प्रतिकारक, एक साधी अशा "मिश्र" अळ्या शंभरात सुमारे दोन. सगळा खेळ या मिश्र अळीचा आहे.

पहिली स्थिती: मिश्र अळी बीटीवर मरते, आणि २० टक्के क्षेत्र बिगर बीटी आहे. तिथून निघणारे साधे पतंग प्रतिकारकांशी जुळतात, पिल्लं मिश्र होतात, मरतात. चार पिढ्यांनंतर प्रतिकारक प्रत १ टक्क्यावरून १.२ टक्क्यांवर. एवढीच.

दुसरी स्थिती: बिगर बीटी फक्त ५ टक्के, आणि मिश्र अळ्यांतल्या दहातली एक बीटीवरही वाचते. पहिल्या पिढीनंतर ३ टक्के, दुसरीनंतर ९, तिसरीनंतर २७, चौथीनंतर ६५ टक्के. एका हंगामात चार पिढ्या सहज होतात, तेव्हा हा खेळ एका हंगामाचा आहे. खऱ्या शेतात जास्त वर्षं लागली कारण सुरुवातीला प्रत याहून बरीच दुर्मीळ असते. पण वळण हेच: बराच काळ नगण्य, मग तीन-तीन पटीनं.

आपल्याकडं दुसरीच स्थिती का आली? दोन कारणं.

एक, पाकीट. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटीचं पुडकं यायचं, भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, यासाठी. ते पुडकं किती शेतात पेरलं गेलं आणि किती बांधावर फेकलं गेलं, हे शेतीशाळेत विचारून बघा. तूरही आश्रयपीक (साधे पतंग वाढावेत म्हणून लावायचं बिगर बीटी पीक) म्हणून चालेल असं सांगितलं जायचं. हिरव्या बोंडअळीसाठी ते ठीक, ती तुरीवर वाढते. शेंदरी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते, तिच्यासाठी तुरीच्या ओळी असून नसून सारख्याच. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात बिगर बीटी बी मिसळूनच येतं, ५ ते १० टक्के. फेकायची सोय राहिली नाही, हे बरं झालं. या अळीला तर मिसळलेलं चालतंही, कारण ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फिरत नाही.

दुसरं कारण संकरित वाणात आहे, आणि ते कमी लोक सांगतात. आपली बीटी कपाशी जवळजवळ सगळी संकरित. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. झाडाची पानं, पाकळ्या बीटी असल्या तरी बोंडातली सरकी ही पुढची पिढी आहे. एका जनुकाच्या वाणात दर चार सरक्यांतली एक बीटीशिवायची. दोन जनुकांच्या वाणात सोळांतल्या नऊ सरक्यांत दोन्ही जनुकं, सहांत एकेक, एकीत काहीच नाही. ही अळी सरकीच खाते, एकीतून दुसरीत जाते. तिला पूर्ण विषाऐवजी हिशेबाबाहेरची अर्धी-मुर्धी मात्रा मिळते. मिश्र अळी वाचायला याहून सोयीची जागा नाही. त्यात पीक तीन-साडेतीन महिन्यांचं झालं की झाडातलं विषाचं प्रमाणही उतरतं, आणि नेमक्या तेव्हाच अळीच्या मोठ्या पिढ्या असतात.

अमेरिकेत सरळ (संकरित नसलेली) वाणं लावली, सगळी सरकी बीटी. आश्रयओळींचा नियम पाळला, पुढं वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून कीड संपल्याचं जाहीर झालं. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरिताची दुसरी पिढी पेरली. त्यात आपोआप चौथा हिस्सा झाडं बिगर बीटी निघाली, आणि प्रतिकार मागं हटला. तिथं कुणी ठरवून केलं नव्हतं. बी स्वस्त पडतं म्हणून केलं होतं.

---

पाते_फूल_बोंड

सगळ्यांचे आभार, तक्ता उतरवून घेतला. दोन शंका राहिल्या. बीटी पेरणं चार-पाच वर्षं बंद केलं तर अळी पुन्हा मरायला लागेल का? आणि फरदडीबद्दल लोक म्हणतात की फेब्रुवारीपर्यंत दोन-तीन क्विंटल कापूस निघतोच, भाव असला तर का सोडायचा?

---

जनुक_आणि_जोंधळा

पहिलीला थोडक्यात: लगेच नाही. प्रतिकारक प्रत शेकड्यात साठ-सत्तर झाली की बीटी नसतानाही ती आपोआप खाली यायला अळीला तिचा काही तोटा व्हावा लागतो, आणि तो थोडाच असेल तर वर्षानुवर्षं लागतात. वाढ झपाट्यानं, उतार कासवाच्या गतीनं. हिरव्या बोंडअळीसाठी बीटी अजून उपयोगी आहे, तेव्हा बंद करण्याची भाषाही घाईची.

---

काळी_भुई

फरदडीचा हिशेब एका शेताचा केला तर ते लोक बरोबर आहेत. दोन-तीन क्विंटल म्हणजे दोन-तीन क्विंटलच. पण त्या कापसाबरोबर पुढच्या जूनचे पतंगही तयार होतात, आणि ते मालकाच्याच बांधावर थांबत नाहीत. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या, पिकलेली सरकी खाण्यात आली की अळी कोषात न जाता जोडसरकीत (तिनं एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्यांत), वाळल्या बोंडात, जमिनीच्या भेगेत निपचित पडून राहते. अशी झोपलेली अळी जितकी जास्त, तितका तुमचा ऑगस्टचा १० चा आकडा मोठा. एका फरदडीच्या शेतानं १० चे ७५ झाले, तर शेजारच्या दहा शेतांचा तक्ता महिनाभर अलीकडं येतो. हे नुकसान फरदडवाल्याच्या वहीत लिहिलं जात नाही, म्हणून फरदड परवडते.

---

गेवराई_शिवार

गणित खरं आहे, पण पऱ्हाटी उपटायला मजूर मिळत नाही हेबी खरं हाय. श्रेडर (पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र) भाड्यानं मिळतो तिथं लोक करतात, नाही तिथं जळणाला म्हणून ढीग बांधावरच राहतो. मग नुसतं "उपटा" म्हणून काय होणार?

---

ल्यूर_२१_दिवस

बरोबर. म्हणून क्रम लावा, सगळं जमलं नाही तर वरचं आधी.

शेवटची वेचणी झाली की पहिल्यांदा शेळ्या-मेंढ्या सोडा. हिरवी आणि अर्धवट फुटलेली बोंडं त्या खातात, झोपणारी अळी त्यातच असते. फक्त नुकतीच फवारणी झालेली नको, औषधाच्या डब्यावरचा थांबण्याचा काळ पाळा. ज्यांची जनावरं आहेत ते चराईचे पैसे उलट देतील, मजुरीचा प्रश्नच नाही. दुसरं, झाडावर आणि खाली उरलेली कवडी (किडकी, नीट न फुटलेली) बोंडं वेचून जाळा. तिसरं, पऱ्हाटी. जळणाला ठेवायचीच तर आधी बोंडं झोडून काढा, ढीग शेतापासून लांब ठेवा आणि मे अखेरपर्यंत संपवा. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला शेतात बसायला जाल तेव्हा उभी पऱ्हाटी दिसता कामा नये, एवढी खूण पुरे. त्यानंतर नांगरट, उन्हात कोष उघडे पडतात.

जिनिंग विसरू नका. गावाजवळ जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) असेल तर सरकीच्या ढिगातून पतंग निघतच राहतात, तिथं डिसेंबरपासून पुढच्या पेरणीपर्यंत सापळे लावायला लावा.

फवारणी लागलीच, तर ती अंड्यावर आणि बोंडात शिरायच्या आधीच्या अळीवर असते. अंडं फुटल्यावर काही तासांत अळी आत जाते, मग औषध पोचत नाही. पाते लागल्यावर ५ टक्के निंबोळी अर्क आणि एकरी ६० हजार अंडी असलेली ट्रायकोकार्डं (बोंडअळीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकाची), दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. कार्ड लावल्यावर आठवडाभर रासायनिक फवारणी नको, नाहीतर आपणच आपले पैसे मारतो. पातळी ओलांडली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी दहा लिटरला ४ ग्रॅम किंवा प्रोफेनोफॉस ५० ईसी २० मिली, पुढच्या वेळी गट बदलून. सिंथेटिक पायरेथ्रॉइड ऑक्टोबरच्या आत नकोच, पांढरी माशी उसळते. आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र करू नका. बीटीला जी गत झाली तीच औषधालाही होते, जनुक तेवढं वेगळं.

---

काळी_भुई

नर-मादी भेटू न देणाऱ्या गंधाच्या दोऱ्यांचं राहिलं. त्याला गणित नेमकं उलटं लागतं. पतंग विरळ असतात तेव्हा नराला मादी शोधावी लागते, हवेत सगळीकडं तोच वास असला तर तो भरकटतो आणि पिढी आपोआप तुटते. पतंग दाट झाले की शोधायची गरजच नाही, शेजारच्याच फांदीवर मादी बसलेली असते. म्हणून दोरे पाते लागण्याच्या सुमारास बांधायचे, नोव्हेंबरात बांधून उपयोग नाही. आणि सलग शिवारावर. एकट्या दोन एकरांत बांधले तर शेजारच्या शेतात गाभण राहिलेली मादी येऊन अंडी घालून जाते, दोरा तिला अडवत नाही.

---

पाते_फूल_बोंड

म्हणजे ऑगस्टातल्या "एक-दोन पतंगां"ना काहीच नाही म्हणायचं सोडून द्यायला पाहिजे. उद्याच्या वर्गाला २० ऐवजी ६० बोंडं फोडायला सांगतो. २ टक्के किडलेली असतील तर सगळी निरोगी निघायची शक्यता ३० टक्क्यांवर येते, हे बरोबर ना?

---

काळी_भुई

०.९८ चा साठावा घात, ०.३०. बरोबर. शंभर फोडली तर १३ टक्के. पण एकरी शंभर बोंडं फोडायला कुणी तयार होत नाही, ६० वर तोडगा धरा. दोन-तीन शेजाऱ्यांनी वीस-वीस फोडून एकत्र मोजली तरी चालतं, पेरणी एकाच आठवड्यातली असावी एवढंच.